हिरव्या ढेकणाचा वास

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वास येईनासा झाला तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. ताप उतरला, खोकला गेला, ते दवाखान्यातून घरी आले, काठी न घेता मळ्यात जायला लागले. नाक मात्र उघडलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लवंग, निलगिरीचं तेल, लिंबाची साल असं काहीतरी उग्र रोज सकाळ-संध्याकाळ हुंगत जा, हळूहळू येईल. आबांनी थोडे दिवस ते इमानाने केलं. मग एकदा लवंगांची डबी सासूबाईंच्या हातात देत म्हणाले, "काडेपेटीतल्या काड्या हुंगल्यागत वाटतंय. ठिव तुझ्या मसाल्यात."

आमचं घर ओतूरच्या थोडं बाहेर, मळ्यातच आहे. मी गावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नवरा चाकणला कंपनीत आहे, तो शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. शेती आबा आणि माझे धाकटे दीर बघतात. बघतात म्हणजे तेव्हापर्यंत आबा सांगायचे आणि दीर करायचे, अशी वाटणी होती.

आबांचं नाक हा आमच्याकडे विनोदाचाही विषय होता आणि भरवशाचाही. चुलीवर दूध चढवायच्या आधीच ते ओसरीवरून ओरडायचे, "तापवू नको, फुटंल ते." शेजारच्या मळ्यात औषध मारलं तर कोणत्या पिकावर कोणतं मारलं ते वाऱ्यावरून सांगायचे. आणि कांद्याची बराख तर त्यांच्या नाकावरच चालायची. उन्हाळ्यात काढलेला कांदा आम्ही बांबूच्या लांबट कुडात भरून ठेवतो, त्याला बराख म्हणतात. पावसाळ्यात तिच्यात कुठेतरी एखादा कांदा सडतो आणि त्याचं पाणी खालच्या कांद्यांवर गळत जातं. आबा रोज सकाळी बराखीला चक्कर मारायचे, फटींना नाक लावत लावत पुढे जायचे आणि एका जागी थांबून म्हणायचे, "हितं काढा." तिथे हात घातला की सडका कांदा निघायचाच.

त्या वर्षीही त्यांनी चकरा मारल्या. सवयीने फटींना नाकही लावलं. एक दिवस दिरांनीच हाक मारली, "आबा, हिकडं खाली पाणी सुटलंय बगा." कुडाच्या बुडाशी काळं पाणी साचलं होतं. त्या दोन खणांतला बराचसा माल उकिरड्यावर गेला. आबा उभे राहून ते बघत होते. कोणी त्यांना काही बोललं नाही, आणि बहुधा त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बराखीकडे जाणं सोडलं. दिरांनी काही विचारलं की म्हणायचे, "तूच बग आता." जेवताना बोलणं बंद झालं. सासूबाई ताटात आवडीचं वाढायच्या, ते खाऊन उठायचे, पण कसं झालंय ते सांगायचे नाहीत. चवही नाकाबरोबरच गेली होती.

भाद्रपदातली गोष्ट. आमच्या सोयाबीनच्या आणि टोमॅटोच्या रानामधल्या बांधावर वालवडीचे वेल तारेवर चढवलेले होते. कॉलेजला सुट्टी होती, मी भाजीला शेंगा तोडायला गेले. आबा तिथेच पाइपाचं काहीतरी बघत उभे होते, तेही शेंगा तोडायला लागले. एका पानाखाली त्यांच्या बोटांत काहीतरी आलं आणि चिरडलं. त्यांनी हात झटकला आणि जुन्या सवयीने बोटं नाकाशी नेली.

मग तसेच थांबले.

"पोरी, हिकडं ये."

"काय चावलं का?"

"न्हाई. वास येतोय."

"कसला?"

"घाण," ते म्हणाले आणि हसायला लागले. "लई घाण येतोय गं! हे बग, तू बग. खरंच येतोय का मला आपलं वाटतंय?"

त्यांनी हात पुढे केला. मी वाकून हुंगलं. खरंच घाण येत होता. कोथिंबीर चुरगाळून तिच्यावर रॉकेल शिंपडावं तसा, नाकात वर चढणारा. मला तो वास लहानपणापासूनच ओळखीचा. माझं माहेर तळेघरकडचं. भाताच्या दाण्यात दूध भरायच्या दिवसांत खाचरांच्या बांधावरून शाळेत जायचो, तेव्हा पायांना लोंब्या घासल्या की हाच वास कपड्यांना लागायचा आणि वर्गात बाई खिडक्या उघडायला लावायच्या. तो भातावरचा किडा लांबट, काटकुळा असतो. आबांच्या बोटांत आला होता तो हिरवा ढेकूण, नखाएवढा, ढालीच्या आकाराचा. घरातल्या ढेकणाचा हा लांबचा भाऊबंद, फक्त हा रक्ताऐवजी शेंगांचा रस पितो.

"येतोय आबा," मी म्हटलं. "चांगलाच येतोय."

त्यांनी परत परत बोटं हुंगली. वास विरत गेला तसे ते अस्वस्थ झाले. "आनखी एखादा सापडतोय का बग," म्हणाले. मग आम्ही दोघं शेंगा सोडून ढेकूण शोधायला लागलो.

घरी गेल्यावर मी त्यांना कोथिंबिरीची जुडी हुंगायला दिली. ढेकणाच्या वासात आणि कोथिंबिरीच्या पानात एकाच घराण्यातली रसायनं असतात, म्हणून कितीतरी लोकांना कोथिंबिरीलाच ढेकणाचा वास येतो. आबांना कोथिंबिरीचा काहीच वास आला नाही. चार-पाच दिवसांनी किंचित आला. त्या किड्याने नाक उघडलं असं मी म्हणणार नाही. नाक आतून बरं होतच असणार आणि नेमका तो दिवस किड्याच्या वाट्याला आला. पण आबांनी लवंगांची डबी परत मागून घेतली, आणि रोज सकाळी चहा झाला की ते वालवडीच्या बांधावर जायला लागले.

सुरुवातीला त्यांना फक्त वास हवा होता. मग ते किड्याकडे बघायला लागले. मी कॉलेजला निघायच्या आधी थोडा वेळ त्यांच्याबरोबर जायची. इतकी वर्षं मी फळ्यावर कीटकांच्या तोंडाची चित्रं काढत आले होते. इथे तीच सोंड सोयाबीनच्या कोवळ्या शेंगेत रुतलेली दिसत होती. एकदा मी त्यांना भिंगातून दाखवलं. तो किडा सोंड आत घालतो, आधी आपली लाळ सोडतो, दाण्याचा तेवढा भाग पातळ करतो आणि मग ओढून घेतो.

"म्हंजे आधी शिजवतो, मंग पितो," आबा म्हणाले.

मी पुढे वर्गात हेच वाक्य वापरलं. मुलांच्या ते चटकन डोक्यात बसतं.

आबांना वाटत होतं की वेलावर तीन-चार प्रकारचे किडे आहेत. पानाखाली एकाला एक चिकटलेले तांबूस ठिपके, मग काळे आणि पांढऱ्या-लाल टिपक्यांचे, मग हिरवट आणि शेवटी पुरते हिरवे. मी सांगितलं, ही सगळी एकाच घरातली पोरं आहेत, फक्त वयं वेगळी. मादी अंडी घालते ती पिंपांसारखी, ओळीत, एकाला एक खेटून, जणू कोणी हाताने रचून ठेवली आहेत. त्यातून निघालेली पिल्लं पहिले काही दिवस काही खात नाहीत, रिकाम्या टरफलांवरच गोळा होऊन बसतात. कात टाकली की रंग बदलतो. पाचव्यांदा कात टाकली की पंख येतात.

"आन वास कुटनं सोडतो?"

"पिल्लू पाठीतून सोडतं. मोठा झाला की पाठीवर पंख येतात, मग ती जागा झाकली जाते. म्हणून मोठ्याची वासाची भोकं खाली, पायांच्या मुळाशी असतात."

आबांनी लगेच एक मोठा ढेकूण उलटा करून बघितला. भोक काही त्यांना दिसलं नाही, वास मात्र मिळाला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट आम्ही दोघांनी पाहिली. एकाने वास सोडला की आसपासचे दोन-तीन पटापट पाय सोडून खाली पडतात. तो वास शत्रूला जसा हाकलतो, तसा सोबत्यांना सावधही करतो. आबांनी ते मुद्दाम वेगवेगळ्या वेलांवर करून बघितलं आणि दर वेळी मला हाक मारली.

इकडे टोमॅटोची काढणी सुरू झाली होती. एक दिवस दीर हातात दोन टोमॅटो घेऊन आले. लाल सालीखाली फिकट पांढुरके डाग दिसत होते. चाकूने साल काढली तर आत तेवढाच भाग भेंडासारखा झालेला.

"वहिनी, हे त्याच ढेकणाचं काम ना?"

"त्याचंच. सोंड घातली ती जागा अशी होते."

"मंग ठरलं. उद्या सगळ्याला औषध मारतो. टोमॅटो, सोयाबीन आन वालवड."

आबा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "वालवडीला मारू नको."

दिरांनी हात जोडले. "आबा, तुमचं नाक बरं होतंय ह्याचा मला बी आनंद हाय. पन वासासाठी कीड पाळायची का आपण?"

प्रश्न सरळ होता आणि बरोबर होता. मी मध्ये पडले ते आबांच्या बाजूने नाही. मला माझं कारण होतं आणि त्याची मला खात्री होती.

"भावजी, सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. तुम्ही आठवड्याभरात ते काढाल. त्यातल्या ढेकणांना खायला काही उरणार नाही, मग ते सगळे उठून शेजारी जाणार. मध्ये वालवड हिरवी, शेंगांनी भरलेली असली तर ते तिच्यावर बसतील, कारण त्यांना टोमॅटोपेक्षा शेंग जास्त आवडते. तुम्ही वालवडीवर औषध मारलं तर ते थेट टोमॅटोवर येतील. आणि दुसरं म्हणजे, हे बघा."

मी खिडकीतली कॉफीची काचेची बाटली आणली. तिच्या तोंडावर फडकं बांधलेलं होतं. आत वालवडीच्या पानावर अंड्यांचा एक पुंजका होता, काळा पडलेला. ढेकणाची चांगली अंडी पिवळसर असतात, पिल्लू व्हायला आलं की नारिंगी होतात. ही काळी पडली होती, म्हणजे आत दुसरंच कोणीतरी वाढत होतं.

"काय हाय ह्यात?"

"गांधीलमाशी. पण तिळाच्या दाण्याहूनही लहान. ती ढेकणाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आतलं पिल्लू ढेकणाचं अंडं खाऊन बाहेर येतं. ढेकणाची मादी ज्या पानावरून चालत गेली तिथे तिच्या पायांचा वास राहतो, त्याचा माग काढत ही येते. तुम्ही औषध मारलं तर ढेकूण काही मरतील, काही उडतील. ही मात्र एकही राहणार नाही."

दिरांनी बाटली उजेडात धरून बघितली. चेहऱ्यावरून त्यांना पटलं नव्हतं. पण सोयाबीन काढेपर्यंत थांबतो म्हणाले. टोमॅटोच्या कडेच्या सरींवर जास्त दिसले तर मात्र तिथे मारणारच. मी हो म्हटलं. तेवढं मारणं योग्यच होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी आबांची हाक आली, "पोरी, बाटलीत मुंग्या झाल्यात!" मुंग्या नव्हत्या, त्याच गांधीलमाश्या होत्या. काळ्या, चिमुकल्या, काचेवर धावत सुटलेल्या. आबा बाटली दोन्ही हातांत धरून बांधावर गेले, फडकं सोडलं आणि वेलाच्या बुडाशी बाटली आडवी ठेवली. दीर मागून आले. म्हणाले, "एवढी? ही काय करनार?"

"तिला काय करायचं ते ती करून आली की," आबा म्हणाले.

सोयाबीनची कापणी लागली त्या दिवशी मी कॉलेजला होते. संध्याकाळी परत आले तर दीर बांधावरच उभे. "वहिनी, आलेत. तुम्ही म्हनला तसंच." वालवडीच्या पहिल्या दोन-तीन तारा ढेकणांनी हिरव्यागार झाल्या होत्या. टोमॅटोवरही होते, पण बांधाकडच्या सरीवरच आणि तिथेही तुरळक.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं सकाळच्या गारव्यात बांधावर. गारठ्यात हा किडा सुस्त असतो, उन्हासाठी वेलाच्या शेंड्याला येऊन बसतो. खाली साबणाच्या पाण्याची बादली धरायची आणि वेल नुसता झटकायचा. घाबरला की पाय सोडून खाली पडायची त्याची खोड होतीच, ती आता बादलीच्या कामाला आली. काळ्या अंड्यांची पानं तशीच वेलावर ठेवायची, पिवळी दिसली की तोडून बादलीत. आबा अंड्यांची पानं शोधण्यात तरबेज झाले. चाळिशीचा चष्मा नाकावर चढवून, पानं उलटी करत ते पुढे जायचे.

हातांना वास इतका बसायचा की राखेने हात घासले तरी जायचा नाही. सासूबाई भाकरी वाढताना तोंड फिरवायच्या. "तिघं बी बाहेर बसा. माझ्या सैपाकघराला ढेकणाचा वास लावू नका." आबा त्यांना मुद्दाम हात दाखवायचे.

मग एका सकाळी दीर टोमॅटोच्या सरीतून एक पान दोन्ही हातांनी तोलत घेऊन आले. पानावर ढेकूणच होता, पण तपकिरी, खांद्यांना दोन्ही बाजूंनी काट्यासारखी टोकं. त्याच्या सोंडेला एक हिरवी अळी लटकत होती. अळी मोठी होती, तीच आमच्या टोमॅटोला भोकं पाडणारी. तो मात्र तिला नुसत्या सोंडेवर उचलून निवांत चालला होता.

"वहिनी, ह्याला पन बादलीत टाकायचं का?"

"ह्याला नाही. हा त्याच कुळातला, पण झाडाचा रस पीत नाही. अळ्या पितो. सोंड बघा, केवढी जाड आहे."

दीर बराच वेळ वाकून बघत राहिले. "आन मी आजवर ह्याला बी औषध मारत आलो," ते म्हणाले. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, स्वतःशीच म्हटलं. मग ज्या झाडावरून पान तोडलं होतं तिथेच ते परत नेऊन ठेवलं. त्या दिवसानंतर फवारणी ठरवायच्या आधी ते मला नाही, तर झाडांना विचारायला लागले. म्हणजे आधी सरीतून एक चक्कर मारायची, पानं उलटून बघायची, मग पंप काढायचा.

टोमॅटोचं शेवटी काय झालं ते सांगायला हवं. डाग पडलेला माल निघालाच. बांधाकडच्या दोन सरींवर एकदा औषध मारावंही लागलं. पण आतलं रान स्वच्छ राहिलं आणि वालवडीवर शेवटी शेवटी सापडणारी बहुतेक अंडी काळी होती. पुढच्या वर्षी बांधावर वालवड लावायची की नाही, हा प्रश्नच कोणी काढला नाही. दिरांनी टोमॅटोच्या दुसऱ्या कडेलाही एक ओळ लावली.

आबांचं नाक पूर्ण बरं झालं नाही. मध्ये काही महिने तर ते उलटंच वागलं. चहाला जळक्या रबराचा वास यायचा आणि शेणाला काहीच नाही. आता निम्मं-अर्धं आलं आहे असं ते म्हणतात. दूध कळतं, पाऊस कळत नाही. दिवाळीनंतर ते एकदा मला म्हणाले, "बराखीला चल माझ्यासंगं." आम्ही गेलो. त्यांनी फटीला नाक लावलं, पुढे गेले, परत आले, एका जागी थांबले. पण "हितं काढा" असं म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतःच बाही वर केली आणि कुडात हात घालून कांदे चाचपले. एक मऊ लागला तो बाहेर काढला. शेजारच्या जागी पुन्हा हात घातला, तिथे काही नव्हतं.

"पैला नाकाचा भरवसा व्हता," ते म्हणाले. "आता नाक सांगंल ते हातानं बगायचं. चालतंय. उलट बरं हाय."

आणि खरंच चालतं. गेली तीन-चार वर्षं बराख त्यांच्याच ताब्यात आहे. दिरांना पुन्हा कामं सांगितली जातात, दीर पुन्हा कुरकुरत ती करतात. जेवताना मीठ कमी पडलं तर सासूबाईंना ऐकून घ्यावं लागतं, आणि त्या तेवढ्याच ठसक्यात उत्तर देतात.

माझं शिकवणं बदललं. कीटकांचा धडा आला की मी फळ्यावर चित्र काढायच्या आधी मुलांना बांधावर नेते. कॉलेजच्या मागेच शेतं आहेत, लांब जावं लागत नाही. पोरं नाक दाबतात, ओरडतात, एकमेकांच्या अंगावर ढेकूण फेकतात. मी फेकू देते. धडा त्या वासानंतरच सुरू होतो, आणि परीक्षेत त्या प्रश्नाचं उत्तर सहसा कोणी चुकवत नाही.

यंदाच्या थंडीत आबांनी मला गोठ्यामागच्या आंब्यापाशी नेलं. "काय दिसतंय?" मला साल दिसत होती, दुसरं काही नाही. त्यांनी बोट नेलं तशी सालीचा एक तुकडा चालायला लागला. करडा, खरखरीत, सालीवरच्या भेगांसारख्याच रेघा असलेला, चांगला मोठा ढेकूण. त्याच्या शेजारी आणखी दोन होते, तेही मला दाखवल्यावरच दिसले.

"नाव काय ह्याचं?"

"माहीत नाही आबा. हा मी पहिल्यांदाच बघतेय."

"मंग शोद की," ते म्हणाले आणि वाकून त्याचा वास घेतला.